ठासणीचा बार

कणकुंबीच्या वर, नाचण्याच्या शेतावर
चार दिवस झड.
मष्णूकाका बंदूक काखेत धरून चालतो, नळी जमिनीकडे,
घोड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला.
दारूचं शिंग सदऱ्याच्या आत, पोटाला लावून.
तान्ह्यागत ऊब लागते तिला, म्हणतो.

परवाना कानडीत आहे.
तलाठ्याने एकदा वाचून दाखवला होता : पीक राखण्यासाठी.
रानकोंबड्याचं नाव त्यात नाही.

तो कारवीतून आला,
शेपटी भिजून लोंबलेली, तरी ऐट तीच.
काकाने ट्यूब सोडली. नेम. श्वास.
टक् –
टोपी वाजली, बार नाही.

मी हललो तसा काका दातांतून :
थांब. ओल्या दारूचा भरवसा नाही. साठ मोज.

नळी तशीच रोखलेली, नळीवरून पाणी ओघळतंय,
मी मोजतोय.
अकराला त्याने मान वळवली.
अठराला पाणी झटकलं.
सत्तावीसला आमच्याच नाचण्यातलं काहीतरी टिपलं
आणि सावकाश, सोयऱ्याच्या घरून निघावं तसा
कारवीत गेला.
चाळिसाच्या पुढे माझा आकडा चुकला.
तेव्हा उडाला बार.

धूर वर चढेना. पावसाने दाबून धरलेला,
नाचण्यावरच बसून राहिला.

बांधावर काथ्याचा बोळा धुमसत पडला होता.
काकाची काडीपेटी भिजलेली.
त्याने वाकून बोळा उचलला, फुंकला,
त्यावर विडी पेटवली.
मग बराच वेळाने :
घरी सांग, कोंबडा नव्हताच.