केदार, क्रियापद

फी मुलीने भरली होती, आणि तिला पुण्यात नोकरी लागली.
पैसे परत मिळत नाहीत, म्हणाले.
कापलेलं कापड मीसुद्धा परत घेत नाही,
म्हणून वाद न घालता तिच्या जागी जाऊन बसलो :
शरणपूर रोड, दुसरा मजला,
मंगळवार-शुक्रवार, साडेसात.

ग्लॅडिस गायकवाड बाईंनी फळ्यावर स्पॅनिश शब्द लिहिला
आणि वाचला, 'केदार'.
मागून वाइनरीतला पोरगा ओरडला, 'प्रेझेंट!'
वर्ग हसला. बाईही.
मग म्हणाल्या, हे नाव नव्हे, क्रियापद.
अर्थ उतरवून घ्या, पुष्कळ आहेत.

उरणे.
(ब्लाऊज बेतला की चिंधी.)
अंगाला बरोबर बसणे, शोभणे.
'ते केदा ब्येन', तुला छान दिसतंय.
आमच्याकडे हे गिऱ्हाईक आरशाला सांगतं,
शिंप्याला नाही.
अमुक जागी असणे.
भेटायचं ठरवणे.
आणि शेवटी 'से' जोडला, तर मुक्काम करणे.
मी वहीत सगळ्यांना मिळून एक कंस घातला
आणि बाहेर लिहिलं : शिंपीकाम.

'दोन्दे केदा?' बाईंनी विचारलं. दुकान कुठे आहे?
दहीपुलाजवळ, म्हटलं,
पण पावसाळ्यात नदीला विचारावं लागतं.
पूर आला की अख्खं गाव दुतोंड्या मारुतीकडे बघतं,
गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला, गळ्याला.
मापं माझ्याच धंद्यातली,
फक्त टेप तिच्या हातात.
गळा बुडाला की माझं दुकान कुठेच केदा नाही.

अशाच एका वर्षी लोकांचे कपडे तेवढे माळ्यावर फेकले,
मशीन खालीच राहिलं.
त्या कपड्यांत एक आमसुली ब्लाऊज होता.
पावतीवर खैरनार, मंगळवार, बाही नऊ इंच.
कुठला मंगळवार, ते आता मलाही सांगता येणार नाही.
अजून खिळ्याला आहे.
बायको म्हणते, देऊन टाका कुणाला तरी.
पण दुसऱ्या कुणाला नऊ इंच बाही लागत नाही,
आणि उसवायला हात होत नाही.

गृहपाठ होता, पाच वाक्यं करा.
मी एकच केलं, लांबलचक :
मंगळवारचं केदार झालं, त्या केदार झाल्या नाहीत,
ब्लाऊज केदार आहे, कुणाला केदा ते माहीत नाही.

बाईंनी लाल पेनाने सगळं खोडलं.
काळ चुकला, कर्ता चुकला, आणि हे मराठीच आहे, असं लिहिलं.
खाली पेन्सिलने, बारीक :
पण बसलंय.

रात्री मुलीचा फोन. जमतंय का, पप्पा?
म्हटलं, माप घेतलंय.
शुक्रवारी ट्रायल.
ती हसायला लागली.
शिंप्याच्या घरात वाढलेली पोर,
शुक्रवार म्हणजे काय, तिला कोणत्याही भाषेत कळतं.