सातवा रकाना

करार सहा पानांचा.
विमा कंपनीची सही निळ्या शाईत, विद्यापीठाची काळ्या,
मग सगळ्यांनी मिळून केक कापला,
आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला
खोली एकशे नऊमध्ये आल्या डार्लीन कुचेरा,
वय सदुसष्ट, गुडघ्याला पट्टा,
पर्समध्ये पेपरमिंट आणि वाचायचे दोन चष्मे.

मी विभागप्रमुख.
मेनफ्रेम शिकलोच नाही कधी;
आमच्या वेळी सांगायचे, ती मेली.
म्हणून मागच्या बाकावर बसलो, वही घेऊन.

"मेली?" डार्लीन हसल्या.
"काल रात्री तिनं
अठरा लाख लोकांचे हप्ते जमा केले.
तुम्ही झोपला होतात."

यंत्र इथं नाहीच.
ते पन्नास मैलांवर, ओमाहात,
मक्याची शेतं संपतात तिथं, बिनखिडक्यांच्या इमारतीत.
इथं फक्त काळा पडदा, हिरवी अक्षरं,
आणि अकरा पोरं, ज्यांची बोटं
माउस नसलेल्या टेबलावर
उगीच चाचपडत राहतात.

ऐंशी रकाने. एक जास्त नाही.
पहिले सहा क्रमांकाचे.
सातव्यात चांदणी टाकली
की ती ओळ यंत्र वाचत नाही.
"ती ओळ माणसांसाठी,"
डार्लीन म्हणाल्या, आणि पेपरमिंट तोंडात टाकलं.

न्याकिम गटलुआक पुढच्या बाकावर.
पहाटे चारपासून ती मांसाच्या कारखान्यात,
इथं येईस्तोवर बोटं ऊब धरत नाहीत.
तिचा जॉब तीनदा पडला त्या महिन्यात,
आकड्याच्या जागी कुणी काहीच भरलं नव्हतं.
"रिकामं म्हणजे शून्य नव्हे," डार्लीन.
"माहीत आहे," न्याकिम म्हणाली,
जरा जास्तच चटकन.

सहाव्या आठवड्यात कंपनीनं खरा प्रोग्राम दिला,
आत नावं खोटी.
चार हजार ओळी. मधेच कुठेतरी
जन्मतारीख एक जानेवारी असेल
तर वय मोजायचं तीस जूनपासून.
आणि वर चांदणी:
*हे का आहे कळत नाही. काढू नका. डी. एच., मार्च ८१*

"डी. एच. कोण?"
डार्लीननी एक चष्मा काढला, दुसरा लावला.
"ह्रुश्का. लग्नाआधीची मी.
विचारायला गेले तर लिहिणारा गेलेला.
नंतर वेळ नव्हता.
नंतर लाज."
त्रेचाळीस वर्षं ती ओळ रोज रात्री चालली,
आणि त्या रोज सकाळी कामावर आल्या.

न्याकिम पडद्याकडे बघत राहिली.
"माझी जन्मतारीख एक जानेवारी," ती म्हणाली.
"माझ्या आईची. तिन्ही भावांची.
छावणीतल्या कारकुनाला तारीख हवी होती,
आमच्याकडे फक्त पूर होता आणि नंतरचं वर्ष.
इथंही आली असणार अशी माणसं,
बोटीतून, आगगाडीतून, तारखेविना.
कुणीतरी वर्षाच्या मधोमध बोट ठेवलं,
म्हणजे चूक झालीच
तर निम्म्याहून जास्त होऊ नये."

कुणी बोललं नाही.
डार्लीन खुर्ची ओढून बसल्या.
"आमच्या आजोबांची पण," त्या म्हणाल्या,
"एक जानेवारी.
आम्ही दरवर्षी केक आणायचो."

न्याकिमनं खाली आणखी एक ओळ लिहिली.
सातव्या रकान्यात चांदणी, मग कारण,
मग एन. जी. आणि महिना.
बहात्तराव्या रकान्याच्या पुढे जात होतं,
म्हणून दोन शब्द गाळले. कुठले ते सांगितलं नाही.
जॉब पाठवला.
उत्तर आलं: शून्य.

इथं शून्य म्हणजे सगळं ठीक,
पैकीच्या पैकी.
पार्किंगमध्ये ती आईला फोनवर हेच समजावत होती,
नुएरमध्ये, हसत, एकच शब्द पुन्हा पुन्हा;
पलीकडे आई रागावली होती बहुतेक.

कंपनीचा अहवाल माझ्या टेबलावर आहे:
किती शिकले, किती घेणार.
अकरा. चार.
बाराव्याचं, म्हणजे माझं, विचारलेलं नाही.
ते बरंच.
माझा जॉब अजून पडतोय.