बशीतले मणी

कॅप्सूलच्या दोन टोप्या हलकेच फिरवायच्या,
कुडीचं मळसूत्र फिरवतात तशा,
आणि आतलं सगळं बशीत.
पांढरे मणी, मोहरीहून लहान.
पहिल्या रात्री मोजले : एकशे चौऱ्याहत्तर.
दुसऱ्या कॅप्सूलमध्ये एकशे एकोणसत्तर.
म्हणजे कंपनीही अदमासानेच भरते,
आणि मी सात वर्षं समजत होते
की मला अगदी तोलूनमापून सावरलंय.

डॉक्टर खंबाटा म्हणाल्या, दर महिन्याला दहा कमी करा.
तुम्हाला काय शालनताई, तुमचा तर धंदाच तो.
खरंय. मुंबादेवीच्या गल्लीत ओट्यावर बसून
तीस वर्षं दुसऱ्यांच्या संसाराचे काळे मणी ओवले,
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून,
गप्पा मारत, न बघता.
आता हे दहा वेचताना श्वास रोखते.
पंखा बंद. निहारला सांगते, दार लोट रे,
वाऱ्याने माझा हिशेब उडेल.

पहिले चाळीस गेले, कळलंही नाही.
मग सुरू झालं.
डोळे डावीकडून उजवीकडे नेले की डोक्यात चर्र.
ओल्या हाताने जुन्या फ्रिजला शिवल्यावर बसतो तसा,
पण आत.
प्रार्थना समाजच्या सिग्नलला रस्ता ओलांडायचा
तर दोन्हीकडे बघायला हवं.
मी उभीच. तीनदा हिरवा होऊन गेला.
शहाळेवाला म्हणाला, मावशी, कुणाची वाट बघताय?

सिमेंटच्या जाहिरातीत एक बाप भिंतीवरून हात फिरवतो,
मला हुंदका.
स्वप्नं इतकी ठळक
की उठल्यावर त्यातली उधारी फेडावीशी वाटते.
एका नवरीच्या वाट्यांशेजारी
एकीकडे नऊ मणी गेले, एकीकडे दहा.
शेठ काही बोलले नाहीत. पुढे सरकवलं फक्त.

मृदुलावहिनी म्हणते, मनावर घे आणि दे फेकून,
मी नाही का चहा सोडला?
फेकून पाहिलंय, वहिनी. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीत.
पाचव्या दिवशी मी मोरीच्या फरशीवर होते
आणि अकरावीतला निहार
माझ्या डोक्याखाली त्याचं दप्तर सरकवत होता.
भूगोलाचं पुस्तक टोचत होतं. एवढंच आठवतं.

भीती चक्कर येण्याची नाही.
भीती ही, की हे औषध निघतंय
का ते जुनं परत येतंय?
जुनं मला ओळखता येतं.
ते आलं की काळा मणी आणि गर्द निळा मणी
दोन्ही एकच दिसतात, आणि दोन्हींचं काही वाटत नाही.
एका रात्री साडेतीनला उठले,
दोन बरण्यांतून एकेक काढून
ट्यूबलाइटखाली तळहातावर धरले.
वेगळे होते.
तेवढ्यावर सकाळ केली.

सत्तरावर मात्र जमेना.
डॉक्टरांना फोन केला, पाच परत वाढवले, दोन महिने तिथेच.
मागे आलीस, असं माझंच मन म्हणालं.
पण ओवतानाही मध्ये मध्ये गाठ मारतोच ना आपण,
दोरा तुटला तरी सगळं सांडू नये म्हणून.

काढलेले मणी टाकून दे म्हणतात. टाकवत नाहीत.
आईच्या कुंकवाच्या डबीत साठवलेत,
वर कुलूप.
कधी हलवून ऐकते.
यांना भोकं नाहीत. कशात ओवता यायचे नाहीत.

काल निहार पंखा बंद करून समोर बसला.
मी सांगायच्या आधी.
म्हणाला, आज मी मोजू?
त्याचं बोट माझ्याहून जाड, मणी पळतात.
त्याचे एकोणसाठ भरले. माझे अठ्ठावन्न.
पुन्हा मोजायचे, असं कुणीच म्हणालं नाही.