नाव जुळवणी

मानकात साधंच लिहिलंय:
टिंब, आडवी रेघ, खालची रेघ,
कितीही असोत, एकच धरा;
मोठी अक्षरं लहान करा.
म्हणजे दोन नावांचं पॅकेज
एकच आहे हे टूलला कळतं.

नियम चार ओळींचा.
बसवायला अकरा दिवस लागले,
रूवीत, तिसऱ्या मजल्यावर,
एसीखाली बादली ठेवून.
कुणीकुणी जुन्या नावांवर
काय काय बांधून ठेवलेलं, ते मोडू द्यायचं नव्हतं.

खाली कार्गोच्या दुकानात जयवंत पाचपुते
खोक्याला टेप मारतोय.
पासपोर्टात तो एक, बँकेत दुसरा.
अरबीत प नाही, च नाही,
काउंटरवरून हाक येते, बाशबूती!
तो उठतो.
नऊ वर्षं उठतोय.

रात्री सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या,
तेव्हा मी गुपचूप
त्याची तिन्ही नावं टाकून बघितली.
तीन वेगळी आली.
बरोबरच आहे.
नियम रेघाटिंबांचा आहे,
माणूस कसा ऐकू येतो त्याचा नाही.

ती ओळ पुसली, काम पुढे पाठवलं.
जिन्यात मार्करचा वास होता.
खोक्यावर, वजनाच्या आकड्याशेजारी,
तो देवनागरीत लिहीत होता,
सावकाश,
प ची पोट भरून.