दोन्ही निळी

द्वारका सोनटक्के दुपारी दार वाजवते,
पदराला हात पुसून दोन कार्डं टेबलावर ठेवते.
दोन्ही निळी. दोन्हींवर तिचं नाव इंग्रजीत,
उठावाचं, बोट फिरवलं तर टोचेल असं.
"भाऊजी, तुम्ही पतपेढीत होतात.
यातलं माझं कुठलं?"

एकतीस वर्षं मी घाटकोपरला खतावणी लिहिली.
एका बाजूला जमा, एका बाजूला नावे,
संध्याकाळी दोन्ही जुळले की मगच डबा उघडायचा.
"हे डेबिट," मी म्हणतो, "म्हणजे नावे.
हॉस्पिटल तुझा पगार टाकतं, त्यातलंच हे काढतं.
डब्यात तांदूळ असेल तर माप भरेल.
खडखडाट असेल तर मशीन नाही म्हणेल, तोंडावर."

"आणि हे?"
"हे क्रेडिट. म्हणजे जमा."
आणि तिथे माझीच जीभ अडखळते,
कारण यात काहीच जमा नाही.
शब्द उलटा टांगलाय वटवाघळासारखा
आणि मी इतकी वर्षं त्याच्याखाली बसून बेरजा केल्या.

"उधारी, द्वारका.
कॅन्टीनमध्ये सही घेऊन गेलेला तो टायवाला पोरगा
तुला वाण्याची वही देऊन गेलाय.
बाराला बिल येईल. दोन तारखेच्या आत सगळं फेडलंस
तर एक पैसा जास्त नाही.
पण बिलात एक छोटा आकडा असतो, 'किमान देय'.
तो फार गोड बोलतो. त्याचं ऐकू नकोस.
आणि याने एटीएममधून रोकड काढलीस
तर नोटा मोजून व्हायच्या आत व्याज धावायला लागतं."
उधारीचं पोतं सव्वा हात रितं, असंही म्हणून टाकतो.
म्हण घातल्याशिवाय क्लार्कला
शिक्का मारल्यासारखं वाटत नाही.

ती ऐकते. वॉर्डातल्या चादरी धुऊन धुऊन
बोटांची कातडी पांढरी, सोड्यानं सोललेली.
त्या बोटांनी दुसरं कार्ड उचलते.
"किती देणार म्हणे?"
मी कागद डोळ्यांजवळ धरतो. "चाळीस हजार."
"जामीन कोण?"
"कोणी नाही."
"गहाण?"
"काही नाही."
"यांची सही?"
"नको."

खाली चौऱ्याण्णव नंबरच्या फाटकाशी
गॅसवाला सिलिंडर आपटतो.
मला तो अर्ज आठवतो.
सत्त्याण्णव साल, शिलाई मशीनसाठी आठ हजार.
जामीनदार दोन हवे होते. तिने भावाला आणलं होतं,
तोही गोदीत हंगामी.
समासात लाल शाईत, माझ्या हातचं:
जामीनदार अपुरे.
नियम होता. नियमाप्रमाणेच लिहिलं.
अक्षर माझं चांगलं होतं, सगळे म्हणायचे.

तिला आठवतं का, मी विचारत नाही.
ती विचारते, "नुसतं ठेवायचे पैसे पडतात?"
"पहिलं वर्ष फुकट."
"मग वर्षभर असू दे डब्यात.
वापरणार नाही हो.
पण कन्नमवार नगरात कुणी म्हटलंय आजवर
की द्वारकाची चाळीस हजाराची पत आहे?"

मग म्हणते, दोन्ही निळी आहेत,
घाईत चुकीचं हाती येईल,
काहीतरी लिहून द्या, मला मराठी वाचता येतं.
प्लास्टिक शाई धरत नाही.
मी चिकटपट्टीचे दोन तुकडे कापतो.
एकावर लिहितो: पगार.
दुसऱ्यावर 'परत' लिहायचं असतं,
फेडायची आठवण म्हणून.
प लिहितो, त लिहितो,
मधला र राहून जातो.

ती वाचते.
"बरोबर," म्हणते.
मी खोडत नाही.