लाल लोकरीच्या खुंट्या

इथे ऊन उत्तरेकडून येतं.
म्हणून खिडकी उत्तरेला, दार पूर्वेला,
आणि पश्चिमेला नुसती भिंत, डोळे मिटलेली,
कारण महासागरावरचा वारा तिकडून येतो
आणि यायच्या आधी कडी वाजवत नाही.

हे सगळं बेलार्मिनो सांगतो, ओठांत चार खिळे धरून.
अर्धं मला ऐकू येतं,
अर्धं मी माझ्या पदरचं घालते.

खोली एकच. माझी अकरा पावलं लांब, सात रुंद.
एकतीस वर्षं मी चाकाओच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडली,
चिलोएवरून पलीकडे, पलीकडून चिलोएला,
चहाचा कप कधी पुरता भरू दिला नाही समुद्रानं.
पायाखाली न हलणारी जमीन,
निवृत्तीकडून मागणं होतं ते एवढंच.

बागेचा आराखडा भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यामागे काढलाय.
वर खडकापाशी लसूण, आमच्या बेटावरचा, मुठीएवढा.
त्याखाली बटाट्याचे तीन बांध:
जांभळा, लांबोडका,
आणि तो गाठीगाठीचा, ज्याला आई नुसतं ‘हट्टी’ म्हणायची.
ओढ्याकाठी नाल्का, छत्रीएवढ्या पानांची.
ती मी लावणार नाही, ती आहेच,
तिला फक्त सांगायचं, जरा सरकून बस.
आणि कोपऱ्यात एक प्लम.
‘फळ धरायला सहा वर्षं,’ बेलार्मिनो म्हणतो.
माझं वय विचारत नाही.
पुढचा खिळा ओठांतून काढतो.

मे महिन्यात खुंट्या रोवल्या, ओळीत, दोरी ताणून.
प्रत्येकीला लाल लोकर बांधली.
लोकर फेर्मीनच्या स्वेटरची.
बाह्या उसवल्या, बाकीचा ठेवलाय.

मग जून, जुलै, ऑगस्ट:
पाऊस, पाऊस, आणि मधे एक मंगळवार कोरडा.

सप्टेंबरात चढून गेलो तर
वरची ओळ सरळ होती
आणि खालची धनुष्यासारखी वाकलेली,
मधल्या खुंट्या दीड वीत खाली गेलेल्या, सगळ्या मिळून,
बोट कलली की उतारू सरकतात तशा,
न पडता, न बोलता.
बेलार्मिनोनं चारही खिळे तोंडातून काढले, खिशात ठेवले.
त्याचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.
‘दोन्या ओदिलिया, टेकडी चालतेय.’

मी हसले. मग ओल्या गवतावर बसले.
मग विचारलं, कुठे निघालीय?
‘समुद्राकडे. सगळेच तिकडे जातात. सावकाश आहे म्हणा.’

खांब पुरायचे नाहीत, ठरलं.
खोलीखाली सायप्रसचे दोन जाड ओंडके आडवे,
टोकं वर वळवलेली, घसरगाडीसारखी.
आमच्याकडे घरं हलवतात, त्यात नवल नाही.
वेन्चूर भावांची बैलजोडी आणि गावातले वीस हात,
मोबदल्यात पोटभर जेवण.
‘दहा-बारा वर्षांनी बोलवावं लागेल,’ बेलार्मिनो म्हणाला,
‘तेव्हा चुलीचं धुराडं आधी उतरवा,
माझ्या काकूनं नाही उतरवलं.’
पुढे काय झालं ते सांगितलं नाही.
खिळे पुन्हा ओठांत.

वाकलेली ओळ मी सरळ केली नाही.
बटाटे तिच्याच वळणानं लावले,
पाणीही तिथूनच वळतं असं दिसलं,
म्हणजे टेकडीला बागकाम माझ्याआधीपासून येत होतं.

आता रविवारी मी खाली बसते आणि बोटांनी मोजते.
तक्त्यावर, जिथे भरतीची वेळ छापलीय
त्याच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिते:
एक बोट. काही नाही. काही नाही. दोन बोटं.

प्लम मात्र उताराच्या ऐन मधे लावला, सरकत्या मातीत.
मुळं धरून ठेवतील, असं बेलार्मिनो म्हणतो.
की टेकडीच त्याला घेऊन जाईल?
सहा वर्षांनी फळ धरेल खरं,
पण नेमकं कुठे, ते
आराखड्यात रिकामं सोडलंय.