मासा धुण्याचे दिवस

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी मासा धुतो.
सव्वीस फूट लांब, पुलाच्या टोकाशी उभा,
शेपटी आभाळात, तोंड गावाकडे.
क्लूनरोच्या नदीत असे सामन होते एकेकाळी,
म्हणजे एवढे मोठे नव्हते, पण होते.
माझ्या बापाने एक धरला होता बासष्ट साली,
त्याचं वजन दर नाताळात वाढत गेलं.

हा मात्र अकरा हजार प्लास्टिकच्या बाटल्यांचा.
सगळ्या किनाऱ्यावर वेचलेल्या, असं पाटीवर कोरलंय,
आयरिशमध्ये आधी, मग इंग्रजीत.
किनाऱ्यावर दोनशेच मिळाल्या,
त्याही चेपलेल्या, काहींत शिंपले.
बाकीच्या कारखान्यातून आल्या, कोऱ्या, खोक्यांत.
ट्रक मीच उतरवला.
टोर्बेन म्हणाला, रंग एकसारखा हवा.
भला माणूस. आमच्यासोबत पावसात उभा राहायचा,
चहा स्वतः करायचा, कप विसळून पालथा घालायचा.
त्याच्यावर माझा राग नाही.

राग कुणावर आहे ते नेमकं सांगता येत नाही.
कौन्सिलच्या ठरावात एक लाख ऐंशी हजार युरो
एका ओळीत मावले होते,
आणि खालच्या ओळीत
पाण्याचा फिल्टर: पुढील वर्षी पाहू.
ते पुढील वर्ष आता पाच वर्षांचं झालंय.
पोर असतं तर शाळेत गेलं असतं.

तेव्हापासून गाव पाणी उकळून पितं.
आडात आहे, पोहऱ्यातही आहे,
फक्त ओठांपर्यंत यायला गॅस जाळावा लागतो.
माझी सून डर्वला बाळाच्या दुधासाठी
उकळण्यावरही विश्वास ठेवत नाही.
सहा बाटल्यांचा एक गठ्ठा, आठवड्याला चार,
आणि जिना तीन मजल्यांचा.
गुडघ्यांना विचारून मी दोन वर नेतो.

मासा मी नळाच्याच पाण्याने धुतो.
जेटचा पाईप, पाऊण तास.
त्याला उकळलेलं लागत नाही.

उद्घाटनाला कौन्सिलर मॅकएनिफ
नदीच्या वेदनेवर बोलले, एकोणीस मिनिटं,
घसा बसला होता बिचाऱ्यांचा,
दर दोन वाक्यांनी हातातल्या बाटलीतून घोट.
कुणी हसलं नाही.
एक फिनबार हसला,
जो त्यासाठीच अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता.

मग फेब्रुवारीतलं ते वादळ.
रात्रभर काहीतरी खडखडत होतं.
सकाळी पाहिलं तर मासा एका अंगाने सोललेला,
खवले नदीभर,
भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली.
उभ्या जन्मात इतके सामन
उगमाकडे जाताना मी पाहिले नव्हते.

जाळी घेऊन तीन दिवस वेचलं.
सहाशे चाळीस सापडल्याच नाहीत.
दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून घरोघरी पत्र गेलं:
आपल्या रिकाम्या बाटल्या आणून द्या.
रांगेत पहिली डर्वला,
बाळ कमरेवर, दोन पोती फरपटत.
पेपरात तिचा फोटो आला, खाली छापलेलं, लोकसहभाग.
तिने तो कापून फ्रिजवर लावला.
चेष्टेने की अभिमानाने, मी विचारलं नाही.

आता धुताना पोटापाशी आलो की हात थांबतो.
निळ्या झाकणाच्या त्या तिच्याच.
फोडलेली बाटली कधीची ते कळावं म्हणून
ती मार्करने लिहून ठेवते.
कल्ल्याखाली एकीवर अजून वाचता येतं:
नऊ जानेवारी, पहाटे चार. ताप.

पाण्याचा जोर मी तिथे कमी करतो.
मग पुढे, शेपटीकडे.